तोटा कुणाच्या खात्यावर?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक छोटं फंक्शन लिहिलं होतं. जेमतेम चाळीस ओळींचं. एका क्लायंटच्या मुख्यालयाचा खर्च, म्हणजे मोठ्या शहरातल्या इमारतीचं भाडं, वरिष्ठांचे पगार, सॉफ्टवेअरची लायसन्सं आणि त्यातच आमची फी, दर महिन्याला त्यांच्या सगळ्या शाखांवर वाटून टाकायचा. कशाच्या प्रमाणात वाटायचा, हे एका कॉन्फिग टेबलात ठरायचं. पर्याय तीन होते: विक्री, जागेचं क्षेत्रफळ किंवा माणसांची संख्या. क्लायंटकडून काहीच कळलं नव्हतं, म्हणून मी डिफॉल्टला 'माणसांची संख्या' ठेवलं. टेस्ट केस लिहायला ते सोपं पडत होतं. कोड रिव्ह्यूत त्याबद्दल कुणी विचारलं नाही. नंतर ते कुणी बदललंही नाही.

त्या शाखांपैकी एक होतं तालुक्याच्या गावातलं दुरुस्ती केंद्र. माणसं पुष्कळ, पगार कमी. माणसं पुष्कळ म्हणून दूरच्या शहरातल्या भाड्याचा वाटा मोठा. डॅशबोर्डवर ते केंद्र लाल झालं आणि लालच राहिलं. दीडेक वर्षानं वेगळ्याच एका तिकिटावर काम करताना त्या केंद्राच्या नावापुढे 'इनअ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं दिसलं. ते बंद होण्याची आणखी दहा कारणं असू शकतात. तो निर्णय झाला त्या बैठकीत मी नव्हते. पण पुढच्या महिन्याचा रिपोर्ट मी पाहिला. केंद्र बंद झालं म्हणून मुख्यालयाचं भाडं एका रुपयानंही कमी झालं नव्हतं. माझ्याच फंक्शननं ते उरलेल्या शाखांवर वाटलं होतं, आणि कालपर्यंत हिरवी असलेली एक शाखा आता लाल दिसत होती.

कॉस्ट अकाउंटिंगच्या पुस्तकांत याला 'डेथ स्पायरल' म्हणतात, हे मला नंतर कळलं. ते शोधता शोधताच मी लेखाशास्त्राच्या एका अशा शाखेत जाऊन पोचले, जिचं नाव माझ्या सीए मित्रमैत्रिणींपैकी कुणीही ऐकलेलं नव्हतं: क्रिटिकल अकाउंटिंग. ही मंडळी काय म्हणतात ते थोडक्यात सांगायचं तर असं. हिशेब हा जगाचा फोटो नसतो. काय मोजायचं, काय सोडायचं, कुठला खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. एकदा आकडा छापून आला की ते ठरवणं दिसेनासं होतं. अँथनी हॉपवूड यांनी १९७६ साली 'अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी' हे नियतकालिक सुरू केलं, तिथून या विचाराला घर मिळालं. त्याच नियतकालिकात १९८० साली हॉपवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. हिशेब हे उत्तर देणारं यंत्र आहे असं आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात तो बऱ्याचदा दारूगोळ्यासारखा वापरला जातो, नाहीतर आधीच घेतलेल्या निर्णयाला मागाहून कारण पुरवायला, असं त्यात म्हटलं होतं. १९८८ साली रूथ हाइन्स यांनी तर गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात एक निबंध लिहिला. लेखाशास्त्राच्या संशोधन-पत्रिकेत असं काही छापलं गेलं, याचंच मला अप्रूप वाटलं.

इतपत ठीक आहे. 'आकडे तटस्थ नसतात' हे वाक्य आता इतक्यांदा बोललं जातं की त्याचा काही भार वाटत नाही. मला वेगळाच प्रश्न पडला होता. असं संशोधन करून जगात काही बदलतं का? त्या केंद्रातल्या एखाद्या मेकॅनिकच्या हातात असा एखादा निबंध पडला असता, तर त्यानं त्याचं काय केलं असतं? या प्रश्नाला तात्त्विक उत्तरं पुष्कळ आहेत. मला एक खरं प्रकरण हवं होतं. ते सापडलं ब्रिटनच्या कोळसा खाणींत.

१ मार्च १९८४. दक्षिण यॉर्कशायरमधली कॉर्टनवूड ही खाण काही आठवड्यांत बंद होणार, असं सरकारी मालकीच्या नॅशनल कोल बोर्डानं जाहीर केलं. जवळच्या एल्सेकार खाणीतले काही कामगार थोड्याच काळापूर्वी, ती खाण बंद झाल्यावर, इथं हलवले होते. ६ मार्चला बोर्डाचे अध्यक्ष इयन मॅकग्रेगर यांनी साधारण वीस खाणी आणि वीस हजार नोकऱ्या जाणार असल्याचं सांगितलं. कारण एकच, आणि तेव्हा ते रोज टीव्हीवर ऐकू यायचं: या खाणी तोट्यात आहेत. त्यासाठी शब्द होता 'अनइकनॉमिक'. त्यानंतर जवळपास वर्षभर चाललेला खाण कामगारांचा संप, मार्गारेट थॅचर विरुद्ध आर्थर स्कारगिल, ऑर्ग्रीव्हला घोड्यावरच्या पोलिसांनी केलेले हल्ले, हे सगळं सिनेमांमुळे आणि गाण्यांमुळे आपल्याकडेही माहीत आहे. 'तोट्यात' या शब्दाकडे मात्र फार कुणी वळून पाहिलं नव्हतं. कामगार संघटनेनंसुद्धा सुरुवातीला नाही. खाण तोट्यात आहे हे जणू खाणीत पाणी आहे असं म्हणण्याइतकंच साधं सत्य होतं.

जानेवारी १९८५ मध्ये, संपाच्या अकराव्या महिन्यात, 'अकाउंटन्सी' या मासिकात पाच प्राध्यापकांचा एक लेख आला. टोनी बेरी, टेरेसा कॅप्स, डेव्हिड कूपर, ट्रेव्हर हॉपर आणि टोनी लो. मथळा होता 'एनसीबी अकाउंट्स: अ माइन ऑफ मिसइन्फर्मेशन?' हा श्लेष मराठीत जसाच्या तसा उतरतो: चुकीच्या माहितीची खाण. लेख कुठं आला हेही महत्त्वाचं आहे. 'अकाउंटन्सी' हे डाव्यांचं पत्रक नव्हतं, चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचं मासिक होतं. ज्यांच्या सहीनं ताळेबंद खरा ठरतो, त्यांच्याच टेबलावर येणारं.

लेख मी तीनदा वाचला. पहिल्यांदा निराश झाले. 'क्रिटिकल' म्हणून मी काहीतरी जळजळीत शोधत होते, आणि इथं तर एका फॉर्मची चिरफाड होती. प्रत्येक खाणीचं नफा-तोटा पत्रक 'एफ-२३' नावाच्या फॉर्मवर तयार व्हायचं. त्यातल्या खर्चाच्या ओळी एकेक करून लेखक पाहतात आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतात: उद्या ही खाण बंद केली, तर हा खर्च थांबेल का?

खाणीमुळे वरची जमीन खचते, घरांना तडे जातात. त्याची भरपाई खाणीच्या खात्यावर पडायची. पण आज जी जमीन खचते आहे ती पूर्वी काढलेल्या कोळशामुळे. खाण बंद केली तरी ती भरपाई द्यावीच लागणार. थांबणार नाही. निवृत्त झालेल्या कामगारांशी निगडित देणी? तीही नाहीत. विभागीय कार्यालयाचा आणि मुख्यालयाचा वाटून दिलेला खर्च? तो दुसऱ्या खाणींवर जाऊन बसणार. (इथं मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले.) उदाहरण म्हणून त्यांनी कॉर्टनवूडच घेतली. न थांबणारे खर्च बाजूला काढल्यावर एफ-२३ वर तोटा दाखवणारी ती खाण बोर्डाच्या सामाईक खर्चात भर घालत होती, असं त्यांच्या हिशेबात निघालं. म्हणजे ती बंद केल्यानं बोर्डाचं नुकसान कमी होणार नव्हतं, वाढणार होतं. वजाचं चिन्ह अधिकाचं झालं, तेही नवी कुठलीच माहिती न आणता, त्याच फॉर्मवरच्या ओळी वेगळ्या लावून.

दुसऱ्या वाचनात मला या कोरडेपणाची ताकद कळली. लेखक कुठंही म्हणत नाहीत की बोर्ड खोटं बोलतंय. प्रत्येक आकडा खरा आहे. एफ-२३ कुणी फसवायला बनवलेलाही नाही. वर्षभराच्या कारभारावर नजर ठेवण्यासाठी तो असेल तर बरा आहे. चूक आहे ती एका कामासाठी बनवलेला आकडा दुसऱ्या कामाला लावण्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिंगसाठी लिहिलेल्या व्हेरिएबलवर कुणीतरी डिलीटची अट लावली. आणि पाचही लेखकांना हे फॉर्म आतून माहीत होते. त्यांच्यातल्या काहींनी संपाआधीच बोर्डाच्या एका विभागात संशोधन केलं होतं. संप सुरू झाल्यावर घाईनं जमवलेली ही बाजू नव्हती. माझ्या मते या लेखाचं श्रेष्ठत्व इथंच आहे. विरोधकाच्या कागदपत्रांचा विरोधकापेक्षा जास्त अभ्यास करून ठेवायचा, आणि वेळ आली की आवाज न चढवता तो मांडायचा. नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत या शाखेत फुको, मार्क्स, लातूर यांच्या दाखल्यांनी भरलेले शेकडो निबंध आले. त्यातले वीसेक मी चाळले असतील. या लेखाइतकी किंमत कुठलाही आकडा त्यांना देताना दिसला नाही.

तिसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट टोचायला लागली, आणि ती अजून टोचते.

खाण कामगार संघटनेची भूमिका काय होती? खाण बंद करायची ती कोळसा संपला तर, किंवा ती सुरक्षित राहिली नाही तर. तोटा हे बंद करण्याचं कारणच होऊ शकत नाही. स्कारगिल यावरून हटले नाहीत आणि त्याबद्दल त्यांना हट्टी, वेडे असं पुष्कळ म्हटलं गेलं. आता या भूमिकेशेजारी पाच प्राध्यापकांचा लेख ठेवून पाहा. लेख म्हणतो: कॉर्टनवूड बंद करू नका, कारण नीट हिशेब केला तर ती तोट्यात नाही. मग जी खाण नीट हिशेब करूनही तोट्यात निघेल तिचं काय? तिथल्या माणसांना हा लेख काय देतो? काहीच नाही. उलट तो नकळत मान्य करतो की फैसला शेवटी वजाबाकीनंच व्हायचा आहे, फक्त वजाबाकी बरोबर हवी. मित्र म्हणून आलेल्या माणसानं तुमची केस जिंकून देताना तुमचं तत्त्वच सोडून द्यावं, तसं काहीसं.

याला एक उत्तर आहे, आणि ते त्या काळातच दिलं गेलं. ऑक्सफर्डचे अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ग्लिन यांनी १९८४ मध्येच संघटनेसाठी एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यात हिशेबाचं वर्तुळ मोठं केलं होतं: खाण बंद झाल्यावर सरकारला बेकारभत्ता द्यावा लागेल, कामगारांकडून येणारा कर बुडेल, तो सगळा खर्च धरा. तो धरला की बहुतेक बंदच्या निर्णयांचं गणित कोसळतं. हे लेखापेक्षा एक पाऊल पुढं आहे. पण तेही शेवटी वर्तुळ मोठं करणंच आहे. ते किती मोठं करायचं? आज वाचताना हे जास्तच जाणवतं, कारण १९८५ च्या त्या सगळ्या भांडणात, दोन्हीकडच्या एकाही हिशेबात, कार्बनची ओळ नाही. ती घातली असती तर चिन्हं पुन्हा उलटली असती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र बंद झालं, तेव्हा मला आनंदच झाला होता, हे इथं कबूल करून टाकते. खाणी बंद झाल्याच पाहिजेत असं आज मला वाटतं. फक्त कॉर्टनवूड त्यासाठी बंद केली गेली नव्हती. तिच्या जागी परदेशी कोळसा आला.

आता मुख्य प्रश्न. लेखाचा परिणाम काय झाला? वर्तमानपत्रांत चर्चा झाली, प्रतिवाद झाले. कूपर आणि हॉपर यांनी १९८८ मध्ये 'डिबेटिंग कोल क्लोजर्स' नावाचं पुस्तक संपादित केलं, त्यात हे सगळे युक्तिवाद एकत्र सापडतात. आणि संप? ३ मार्च १९८५ ला, कुठलाही करार न होता, तो मागं घेतला गेला. लेख आला तेव्हा संघटनेची मालमत्ता न्यायालयानं आधीच ताब्यात घेतलेली होती, आणि वर्षभर बिनपगारी राहिलेली कुटुंबं सामुदायिक स्वयंपाकघरांवर जेवत होती. कॉर्टनवूड त्याच वर्षी बंद झाली. आता तिथं मोठमोठ्या दुकानांचा बाजार आहे.

त्यातही कडी म्हणजे, २०१४ च्या जानेवारीत थॅचर मंत्रिमंडळाचे जुने कागद खुले झाले तेव्हा दिसलं की मॅकग्रेगर यांच्या मनात वीस नाही, तीन वर्षांत ७५ खाणी बंद करायचं होतं, आणि हे सरकारला सप्टेंबर १९८३ पासून ठाऊक होतं. म्हणजे पाच प्राध्यापक ज्या आकड्याशी इतक्या प्रामाणिकपणे झुंजत होते, त्या आकड्यावर निर्णय उभाच नव्हता. निर्णय आधीच झालेला होता, एफ-२३ त्याच्या अंगावरचा कोट होता. हॉपवूड मंडळींनी १९८० मध्ये लिहिलेलं दारूगोळ्याचं रूपक इतकं शब्दशः खरं ठरेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

यावरून 'मग संशोधनाचा उपयोग काय' असं म्हणून मोकळं होता येईल. मी तसं म्हणणार नाही, पण मोठे दावेही मला पटत नाहीत. या शाखेतले लोक स्वतःबद्दल बोलताना 'एमॅन्सिपेशन', 'मुक्ती' हे शब्द फार सैल हातानं वापरतात. ज्या पत्रिकांमध्ये ते लिहितात त्या विद्यापीठाच्या लायब्ररीशिवाय उघडत नाहीत. मी स्वतः निम्मे निबंध कसे मिळवले ते इथं न सांगितलेलं बरं. बढतीसाठी मोजले जाणारे निबंध लिहून मोजणीवर टीका करायची, यातला विनोद त्यांच्यापैकी काहींना कळतो, सगळ्यांना नाही. अपवाद आहेत. प्रेम सिक्का वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत लिहीत राहिले, आता हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसून ऑडिट कंपन्यांबद्दल प्रश्न विचारतात. पण अपवादच.

कॉर्टनवूडच्या लेखानं जे केलं ते मला असं दिसतं: 'खाण तोट्यात आहे' हे वाक्य त्यानंतर कुणालाही निमूटपणे उच्चारता आलं नाही. 'कुणाच्या हिशेबानं?' हा प्रश्न त्याच्यामागं लागला. पण प्रश्न विचारायला कुणीतरी उभं असावं लागतं, आणि लेख आला तेव्हा उभं राहणाऱ्यांचे पाय गळालेले होते. हाच लेख मार्च १९८४ मध्ये आला असता तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. मला तो सुटत नाही.

याच्या उलट क्रमाचं एक उदाहरण माझ्या आजोळापासून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर घडलेलं आहे, आणि ते मला लहानपणापासून हिशेबाची गोष्ट म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि तिचा जमाखर्च मांडायला लागले. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली ती 'उत्पादन खर्चावर आधारित भाव' या एका मागणीवर. आंदोलन म्हणून आपण चाकणचा कांदा आठवतो, रस्ता रोको आठवतो, तुरुंग आठवतात. पण मागणीचा गाभा लेखाशास्त्राचा होता: उत्पादन खर्च म्हणजे काय काय? पाच प्राध्यापकांना संप आयता सापडला आणि त्यांनी हिशेब आणला. इथं हिशेब आधी होता, आणि त्याच्याभोवती माणसं गोळा झाली. ज्यांना संशोधन आणि समाजबदल यांच्या नात्याबद्दल लिहायचं आहे त्यांनी हे प्रकरण का घेऊ नये, मला समजत नाही. जोशींच्या अर्थविचारातल्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, पण तो वेगळा लेख होईल.

दोन प्रकरणं शेजारी ठेवली की हिशेबाची दिशा उघडी पडते. खाणीच्या खात्यावर जे तिचं नव्हतं तेही चढवलं होतं. शेताच्या खात्यावरून जे त्याचं होतं तेही उतरवलेलं असतं. सरकारी भाषेत याचे टप्पे आहेत. बी-बियाणं, खत, औषध, रोजंदारी, डिझेल असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची अंदाजे मजुरी मिळवली की 'ए-टू अधिक एफएल'. आणखी स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की 'सी-टू'. २०१८ च्या अर्थसंकल्पात हमीभाव खर्चाच्या दीडपट देण्याची घोषणा झाली, तेव्हा तो खर्च 'ए-टू अधिक एफएल' धरला गेला. शेतकरी संघटना 'सी-टू'च्या दीडपट मागत राहिल्या आणि अजून मागतात. दोन्हीकडे आकडा 'दीडपट'च. भांडण कशाच्या दीडपट याचं आहे, आणि ते एका टेबलातल्या दोन ओळींवर अडलेलं आहे.

इथं 'सी-टू' खरा आणि बाकी खोटे, असं म्हणायचा मोह मला होतो. पण तेही सरळ नाही. जमिनीचा खंड धरायचा तर खंड पिकाच्या भावावरच ठरतो. मग भाव वाढला की खंड वाढणार, खंड वाढला की खर्च वाढणार. गोल फिरणारं गणित आहे. खरा आकडा कुठंतरी लपलाय आणि चिकित्सा करणारे तो खणून काढतील, ही कल्पनाच मी आता सोडली आहे.

माझे मामा खेड तालुक्यात कांदा आणि बटाटा करतात. कांद्याला हमीभाव नाही, त्यामुळे वरच्या सगळ्या चर्चेचा त्यांना थेट फायदा शून्य. पण ते एका जुन्या डायरीत खर्च लिहितात, तारखेसकट, अनेक वर्षं. गेल्या मे महिन्यात मी ती डायरी स्प्रेडशीटमध्ये उतरवायला घेतली. रोप, लागवडीच्या बायांची मजुरी, खत, फवारणी, बारदान, हमाली, गाडीभाडं. सगळं होतं.

"मामा, तुमची मजुरी कुठंय यात?"

"माझी कसली मजुरी? रान आपलंच का नाही?"

मी त्यांना एफएल समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "बरं, लाव मग. रात्रीचं पाणी भरायला जातो त्याचे पण लाव." मी एक नवा रकाना केला. गावातला गड्याचा रोज विचारला, दिवस अंदाजे धरले, गुणाकार केला. तळाशी जी बेरीज हिरवी होती ती लाल झाली. मामा बराच वेळ तिकडं बघत राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा हसतील तरी. स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "माझं पण धरलं का?"

निंदणी, काढणी, कांदा कापणं, निवडणं, मजुरांचा चहा आणि भाकरी. मामींना दिवस आठवत होते, मामांपेक्षा नेमके. मी दुसरा रकाना केला.

"कुठला रोज लावतीस तिला?" मामांनी विचारलं. "बाईचा का गड्याचा?"

गावात दोन्हींमध्ये फरक आहे, आणि तो थोडाथोडका नाही. मी मामींकडं पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, परातीतलं पीठ मळत राहिल्या. दिवसांचा आकडा मी भरला. दराची चौकट मोकळी ठेवून फाइल सेव्ह केली. ती अजून तशीच आहे.